यूआरएल एन्कोड करता येत नाही

‘दिलेली स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) यूआरएलसाठी, म्हणजे वेबपत्त्यासाठी, एन्कोड करून परत देतं.’ बहुतेक लायब्ररींच्या (तयार कोडच्या संचांच्या) डॉक्समध्ये हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात सापडतं, खाली एक उदाहरण असतं ज्यात दोन शब्दांमधल्या स्पेसचं %२० होतं, आणि झालं, संपलं डॉक्युमेंटेशन. वाचणाऱ्याला वाटतं कळलं, लिहिणाऱ्याला वाटतं सांगितलं. वाक्यात टायपो नाही, व्याकरणाची चूक नाही, फक्त ते ज्या कामाबद्दल बोलतंय ते काम जगात अस्तित्वातच नाहीये.

गेले काही महिने मी एका छोट्या ओपन सोर्स लायब्ररीच्या डॉक्समध्ये हात घालून बसलोय, त्यातही फक्त यूआरएल एन्कोडिंगची तीन-चार फंक्शन्स, म्हणजे एकूण पानभर मजकूर असेल नसेल. कोणी सांगितलं नव्हतं. इश्यू ट्रॅकरवर, म्हणजे तक्रारी नोंदवायच्या जागी, तोच तोच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यात येत होता, ‘प्लसचं स्पेस का होतंय’, ‘स्लॅश का बदलला’, ‘स्लॅश का नाही बदलला’, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी ‘हे बरोबरच आहे, डॉक्स वाचा’ म्हणून इश्यू बंद करायचं. तर मी डॉक्स वाचले. त्यात उत्तर नव्हतं.

यूआरएल म्हणजे तुकडे जोडून केलेली गोष्ट. स्कीम (https वगैरे), होस्ट (साइटचं नाव), पाथ (साइटच्या आतली वाट), क्वेरी (प्रश्नचिन्हानंतर पाठवलेली माहिती), फ्रॅगमेंट (पानातली जागा), आणि मधे जोडणारी चिन्हं: कोलन, स्लॅश (/), प्रश्नचिन्ह, हॅश (#), अँपरसँड (&), बरोबरचं चिन्ह. ही चिन्हं ‘इथे एक तुकडा संपला, दुसरा सुरू झाला’ एवढंच सांगतात. आता तुमच्या डेटातच तसलं चिन्ह आलं, समजा कोणी सर्चमध्ये ‘आर&डी’ टाइप केलं, तर तो अँपरसँड जोडणारा नाही, मजकुराचा आहे, हे समोरच्याला कळायला हवं. त्यासाठी त्याचं %२६ करायचं, म्हणजे टक्क्याचं चिन्ह आणि पुढे त्या चिन्हाचा हेक्स (सोळा-आधारी) आकडा. एन्कोडिंग म्हणतात ते एवढंच आहे, मजकुरातलं चिन्ह आणि सांध्याचं चिन्ह वेगळं ओळखू येण्यासाठी केलेली सोय.

म्हणूनच ‘यूआरएल एन्कोड करा’ हे वाक्य निरर्थक आहे. शोधा?विषय=आर&डी&पान=२ अशी स्ट्रिंग एकदा जोडून झाली की त्यातला कुठला अँपरसँड कुठल्या जातीचा हे देवालाही सांगता येणार नाही, फंक्शन बिचारं काय सांगणार. सगळे एन्कोड केले तर यूआरएल मोडली, एकही नाही केला तर सर्व्हरला विषय ‘आर’ आणि ‘डी’ नावाचा एक रिकामा पॅरामीटर मिळाला. जोडल्यावर एन्कोड करणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. एन्कोड करायचे ते तुकडे, तेही जोडायच्या आधी, आणि कुठला तुकडा कुठे बसणार आहे हे माहीत असताना. डॉक्सच्या पहिल्या ओळीत नेमकं हेच नसतं. फंक्शन काय करतं ते असतं, निकाल कुठे ठेवायचा ते नसतं.

गो भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीने हे फार छान केलंय असं माझं मत. तिथे क्वेरीएस्केप आणि पाथएस्केप अशी दोन फंक्शन्स आहेत, दुसरं २०१७ मध्ये १.८ आवृत्तीत आलं, आणि दोन्हीचे डॉक्स एकेका वाक्याचे आहेत: एक म्हणतं ही स्ट्रिंग क्वेरीत ठेवायला सुरक्षित होते, दुसरं म्हणतं ही पाथच्या एका सेगमेंटमध्ये (दोन स्लॅशमधल्या तुकड्यात) ठेवायला सुरक्षित होते आणि हो, स्लॅशसुद्धा बदलतो. बास. जागेचं नाव फंक्शनच्या नावात आणि तेच पहिल्या वाक्यात. याच्यापुढे माझ्या लायब्ररीचं ‘यूआरएलसाठी’ हे असं झालं की पत्ता विचारला आणि समोरच्याने ‘शहरात’ म्हणून सांगितलं.

जावाची गोष्ट उलटी आहे आणि मला ती जास्त आवडते. तिथे क्लासचं नाव यूआरएलएन्कोडर. सुरुवातीपासूनचा क्लास. पण तो करतो काय, तर एचटीएमएल फॉर्मचं एन्कोडिंग, म्हणजे स्पेसचा प्लस करतो. आणि डॉक्सची पहिलीच ओळ हे प्रामाणिकपणे सांगते, की हा एचटीएमएल फॉर्म एन्कोडिंगसाठीचा क्लास आहे. सांगितलंय! स्वच्छ सांगितलंय! तरी लोक पाथमध्ये तो वापरतात आणि फाइलच्या नावात प्लस का आले म्हणून डोकं धरतात, कारण नाव वाचलं की डॉक्स कोण वाचतंय. आमच्या रिव्ह्यूमध्ये कोणीतरी हाच मुद्दा काढला होता की लोक वाचतच नाहीत तर सुधारून उपयोग काय. मला तो मुद्दा अर्धाच पटतो. नाव चुकलं तर बदलता येत नाही, जगभरचा कोड त्या नावावर उभा असतो, मग नावाने केलेला गोंधळ कबूल करायची एकच जागा उरते ती म्हणजे डॉक्स. आणि कोणी ना कोणी शेवटी तिथे येतोच, वैतागून का होईना.

बरं, हा प्लस आला कुठून हे सांगायलाच हवं, कारण निम्मा घोळ त्याचा आहे. वेबच्या सुरुवातीच्या काळात फॉर्म भरून पाठवताना स्पेसऐवजी प्लस पाठवायची पद्धत पडली, १९९५ मध्ये एचटीएमएल २.० ची आरएफसी १८६६ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) आली तिच्यात ते लिहिलं गेलं, आणि ते कायम झालं. पण यूआरएलचं स्वतःचं जे स्टँडर्ड आहे, आज ज्याचा हवाला देतात ती जानेवारी २००५ ची आरएफसी ३९८६, टिम बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि लॅरी मसिंटर यांनी लिहिलेली, तिच्यात प्लसचा अर्थ स्पेस असा कुठेही नाही, तिथे प्लस हे राखीव, म्हणजे सांध्यासाठी राखून ठेवलेल्या, चिन्हांपैकी एक, इतकंच. म्हणजे एकाच यूआरएलमध्ये प्रश्नचिन्हाच्या डावीकडे प्लस म्हणजे प्लस आणि उजवीकडे बहुतेक वेळा प्लस म्हणजे स्पेस. कोणी नवीन शिकणाऱ्याने ‘असं का’ विचारलं तर ‘इतिहास’ याशिवाय उत्तर नाही.

पीएचपीमध्ये त्यामुळे दोन फंक्शन्स आहेत, यूआरएलएन्कोड आणि रॉयूआरएलएन्कोड. पहिलं प्लसवालं, दुसरं %२० वालं. पायथनमध्ये क्वोट आणि क्वोट-प्लस. रुबीत यूआरआय-एस्केप नावाचं एक फंक्शन होतं ते वर्षानुवर्षं ‘वापरू नका’ म्हणत म्हणत शेवटी ३.० मध्ये काढूनच टाकलं, कारण ते नेमकं हेच ‘पूर्ण यूआरएल द्या, मी बघतो’ असलं फंक्शन होतं. डॉटनेटमध्ये तर चार-पाच पर्याय आहेत आणि त्यातल्या एकाची हेक्स अक्षरं लहान लिपीत येतात, दुसऱ्याची मोठ्या. इथे कोणी म्हणेल काय फरक पडतो, अर्थ तोच. यूआरएल उघडताना नाही पडत. सही करताना पडतो.

सही म्हणजे रिक्वेस्टवरची सही. एपीआयला, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमशी बोलायच्या सर्व्हरवरच्या खिडकीला, रिक्वेस्ट पाठवायची, तिच्या यूआरएलचे पॅरामीटर एन्कोड करून, क्रमाने लावून, त्यावर हॅश (ठरलेल्या गणिताने निघणारा ठसा, # चिन्ह नव्हे) काढून सही जोडायची, मग सर्व्हर तेच सगळं स्वतः करून सही जुळते का बघतो. ओऑथ १.० ही परवानगी द्यायची पद्धत असंच चालते, २०१० ची आरएफसी ५८४९, आणि तिच्यात एन्कोडिंग कसं करायचं याचा वेगळा भागच आहे, कारण लिहिणाऱ्यांना माहीत होतं की प्रत्येक भाषेचं फंक्शन थोडं थोडं वेगळं वागतं. एका चिन्हात फरक पडला तरी सही चुकते आणि एरर येते ती ‘सही जुळत नाही’ एवढीच, कुठलं चिन्ह ते नाही सांगत कोणी. जावास्क्रिप्टमधून पाठवलेल्या मजकुराच्या शेवटी उद्गारचिन्ह असलं की रिक्वेस्ट नापास, नसलं की पास, असा प्रकार ज्याने पाहिलाय त्यालाच कळेल तो वैताग. अॅमेझॉनच्या एस३ या फाइल साठवायच्या सेवेची सही कशी करायची त्या डॉक्समध्ये तर सरळ लिहिलंय की तुमच्या प्लॅटफॉर्मचं तयार फंक्शन चालेलच असं नाही, कारण अंमलबजावणीत फरक आहेत आणि आरएफसींमध्येही संदिग्धता आहे, तेव्हा स्वतःचं फंक्शन लिहा. मला ते वाचून खरंच बरं वाटलं होतं. डॉक्समध्ये एवढं स्पष्ट बोलणारे कमी.

उद्गारचिन्हाचं कारणही सांगण्यासारखं आहे. जावास्क्रिप्टचं एन्कोडयूआरआयकंपोनंट हे फंक्शन १९९९ च्या शेवटी, भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीत आलं. त्या वेळी चालू असलेलं स्टँडर्ड होतं १९९८ ची आरएफसी २३९६, आणि तिच्यात उद्गारचिन्ह, स्टार, सिंगल कोट आणि दोन्ही गोल कंस ही चिन्हं ‘न बदलता चालतील’ या यादीत होती. फंक्शनने ती यादी जशीच्या तशी घेतली. मग २००५ ला आरएफसी ३९८६ आली आणि ही पाच चिन्हं राखीव यादीत गेली. फंक्शन तिथेच राहिलं, कारण बदललं तर अर्धं वेब मोडेल. म्हणजे ते फंक्शन ‘चुकीचं’ नाहीये, ते त्याच्या काळाचं आहे.

टिल्डाचं, म्हणजे ~ या चिन्हाचं, तर त्याहून भारी. १९९४ च्या आरएफसी १७३८ मध्ये टिल्डा धोक्याच्या यादीत होता, एन्कोड कराच. २३९६ मध्ये तो मोकळा झाला आणि ३९८६ मध्येही मोकळाच राहिला. पीएचपीचं रॉयूआरएलएन्कोड ५.३ पर्यंत टिल्डा बदलायचं, पायथनचं क्वोट ३.७ पर्यंत बदलायचं, जावाचं अजून बदलतं. एखाद्या फंक्शनला टिल्डा देऊन बघा, बाहेर काय येतं त्यावरून ते कुठल्या काळात वाढलं याचा अंदाज येतो. आमच्या लायब्ररीत मी हे केलं तेव्हा एका फंक्शनमधून टिल्डा तसाच आला आणि दुसऱ्यातून %७ई होऊन, आणि डॉक्समध्ये दोन्हींपुढे एकच वाक्य होतं: ‘राखीव चिन्हं एन्कोड करतं.’ कुठली राखीव? कोणाच्या यादीतली?

तर यादी लिहायची हे ठरलं. आणि इथे मला एक गोष्ट लक्षात आली की काय बदलतं याची यादी लिहिण्यात अर्थ नाही, ती न संपणारी आहे, जगातली सगळी चिन्हं, सगळ्या लिप्या, इमोजी, सगळं त्यात येतं. काय बदलत नाही ती यादी छोटी असते. ३९८६ प्रमाणे अक्षरं, आकडे आणि हायफन, डॉट, अंडरस्कोर, टिल्डा, एकूण ६६. एवढी एक ओळ लिहिली की फंक्शन पूर्ण समजलं. दोन फंक्शन्समधला फरकही दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या की दिसतो, परिच्छेद लागत नाहीत.

‘अक्षरं आणि आकडे’ हे लिहून मी पुढे गेलो होतो, पण आपण देवनागरीत लिहिणारी माणसं, आपल्याला इथे थांबायलाच पाहिजे. म हे अक्षर नाही का? १ हा आकडा नाही का? आहे की. पण इथे अक्षरं म्हणजे फक्त अस्की (संगणकाच्या जुन्या इंग्रजी चिन्हसंचातली) अक्षरं, रोमन ए ते झेड, आणि आकडे म्हणजे इंग्रजी शून्य ते नऊ. बऱ्याच डॉक्समध्ये नुसतं ‘अल्फान्यूमेरिक’ लिहिलेलं असतं आणि ते वाचून कोणी स्वतःचं एन्कोडर लिहायला बसलं, पायथनमध्ये प्रत्येक कॅरेक्टरला ‘इजअल्नम’ विचारलं, तर म ला हो उत्तर येतं, र ला हो, ठ ला हो, पण काना आणि वेलांटीला नाही, कारण युनिकोडच्या (जगातल्या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीच्या) हिशोबात त्या मात्रा, अक्षरं नाहीत. मग ‘मराठी’ या शब्दाचं काय होतं? व्यंजनं तशीच राहतात आणि मात्रांचे टक्के होतात. इतकी विचित्र खिचडी की पाहून हसू येतं, आणि सगळं एका विशेषणामुळे. म्हणून आमच्या डॉक्समध्ये मी ‘अस्की’ हा शब्द प्रत्येक ठिकाणी टाकला, रिव्ह्यूमध्ये एकाने म्हटलं की पुनरुक्ती होतेय, होऊ दे.

युनिकोडचा भाग डॉक्समध्ये नेहमी शेवटी, तळटीपेत असतो आणि मला तो वर हवा होता. कारण टक्क्यांत अक्षरं जात नाहीत, बाइट जातात. म यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडची चिन्हं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत) तीन बाइटचा, म्हणून %ई०%ए४%एई. हेक्सची अक्षरं इथे मी देवनागरीत लिहितोय, समजून घ्या. ‘मराठी’ म्हणजे मात्रा धरून पाच कोड पॉइंट (युनिकोडचे क्रमांक), पंधरा बाइट, पंचेचाळीस कॅरेक्टर. विकिपीडियावरच्या मराठी लेखाची लिंक कॉपी करून कोणाला पाठवली की जी लांबलचक टक्क्यांची माळ पडते ती हीच. आता स्ट्रिंगचे बाइट कुठल्या एन्कोडिंगने, म्हणजे यूटीएफ-८ की आणखी कशाने, करायचे हे फंक्शनला कोण सांगणार? जावाच्या जुन्या एका आर्ग्युमेंटच्या फंक्शनमध्ये ते मशीनच्या डिफॉल्टवर ठरायचं, म्हणजे एकाच कोडचा दोन मशीनवर वेगळा निकाल, म्हणून ते डेप्रिकेट केलं (‘आता वापरू नका’ असा शिक्का मारला) आणि एन्कोडिंगचं नाव द्यायला लावलं. जावास्क्रिप्टचं जुनं एस्केप तर म चं %यू०९२ई करतं, हा फॉरमॅट यूआरएलच्या कुठल्याच स्टँडर्डला माहीत नाही. आमचं फंक्शन यूटीएफ-८ च वापरत होतं, नेहमीच, पण डॉक्समध्ये तसं कुठे म्हटलेलं नव्हतं, आणि न म्हटलेली गोष्ट उद्या बदलली तर तक्रार करायला जागा नाही.

उदाहरणांवर सगळ्यात जास्त वाद झाला आणि ते योग्यच होतं, कारण डॉक्समधला मजकूर वाचतात थोडे आणि उदाहरण कॉपी करतात सगळे. आधीचं उदाहरण दोन साध्या शब्दांचं, मधे स्पेस. या उदाहरणातून काय कळतं? स्पेसचं काय होतं ते. प्लसचं काय, स्लॅशचं काय, टक्क्याचं काय, रोमनबाहेरच्या अक्षराचं काय, काही नाही. मी सुचवलं की एकच स्ट्रिंग घेऊ ज्यात स्पेस, प्लस, अँपरसँड, स्लॅश, टक्का आणि एक तरी अस्कीबाहेरचं अक्षर असेल, दिसायला कुरूप असली तरी चालेल. मेंटेनरांपैकी (लायब्ररी सांभाळणाऱ्यांपैकी) एकांचं म्हणणं होतं की उदाहरण बघून माणूस पळून जाईल. शेवटी दोन ठेवली, आधी ‘सी++’ हा शोधशब्द, जो नीट एन्कोड न करता क्वेरीत टाकला तर दुसऱ्या टोकाला ‘सी’ आणि दोन स्पेस होऊन पोचतो, आणि मग ती कुरूप स्ट्रिंग. पायथनच्या डॉक्समध्ये क्वोटचं उदाहरण एल निन्योचं आहे, सुरुवातीला आणि शेवटी स्लॅश, मधे स्पेस आणि एक टिल्डावालं एन, एवढ्याशा उदाहरणात तीन गोष्टी दिसतात: स्लॅश तसाच राहिला, स्पेसचं %२० झालं, एनचे दोन बाइट झाले. ज्याने निवडलं त्याला मानलं. शिवाय तिथे स्वच्छ लिहिलंय की हे फंक्शन मुळात पाथसाठी आहे म्हणून स्लॅश सोडतं. हे वाचलं नाही आणि ‘१२/२०२४’ असा बिल नंबर पाथच्या एका सेगमेंटमध्ये टाकायला गेलात की एकाचे दोन सेगमेंट. आणि बदललात जरी %२एफ, तरी अपाचे सर्व्हर डिफॉल्टला असा एन्कोड केलेला स्लॅश पाथमध्ये दिसला की ४०४ देतो, त्यासाठी वेगळी सेटिंग चालू करावी लागते. पण ते आमच्या डॉक्सचं काम नाही, कुठेतरी थांबायला हवं.

‘पूर्ण यूआरएल देऊ नका’ ही ओळ मात्र मी सोडली नाही. एका रिव्ह्यूअरने लिहिलं होतं की डॉक्सने फंक्शन काय करतं ते सांगावं, लोकांना शिकवायचं काम डॉक्सचं नाही, ज्याला शिकायचंय त्याला आरएफसीची लिंक द्या. आरएफसीची लिंक देणं हा मला थोडा हात झटकण्याचा प्रकार वाटतो. साठेक पानांचं दस्तऐवज, आणि त्यात तुमचं फंक्शन कुठली यादी पाळतं हे तर नाहीच. लिंक द्या, पण आपल्याबद्दलचं उत्तर आपण द्या. शेवटी पहिला परिच्छेद असा उतरला: ‘पाथचा एक सेगमेंट किंवा क्वेरीतली एक व्हॅल्यू म्हणून बसवण्यासाठी कच्ची स्ट्रिंग एन्कोड करतं. अस्की अक्षरं, अस्की आकडे आणि - . _ ~ सोडून बाकी सगळे बाइट बदलतं, स्लॅशसुद्धा. स्पेसचं %२० होतं, प्लस नाही. पूर्ण यूआरएल किंवा आधीच एन्कोड केलेली स्ट्रिंग देऊ नका.’ वाचायला कोरडं आहे, मान्य. पण ट्रॅकरवरच्या त्या बंद केलेल्या इश्यूंपैकी बहुतेकांचं उत्तर यात आहे.

शेवटचं वाक्य, आधीच एन्कोड केलेली स्ट्रिंग देऊ नका, हे वाटतं तेवढं साधं नाही. %२० पुन्हा एन्कोड केलं की टक्क्याचाच %२५ होतो आणि निकाल येतो %२५२०. यावर लोक मागणी करतात की फंक्शनने ओळखावं, टक्का आणि पुढे दोन हेक्स दिसले तर सोडून द्यावं. आर भाषेतलं यूआरएलएन्कोड तसं करतं, आधीच एन्कोड केल्यासारखं दिसलं तर हात लावत नाही, लावायला हवा असेल तर वेगळा पॅरामीटर द्यायचा. मला ही हुशारी आवडत नाही. कोणी एन्कोडिंगबद्दलच काही शोधत असेल आणि त्याने शोधचौकटीत खरोखर %२० असं टाइप केलं असेल तर? त्याचा मजकूर तुम्ही गिळला. आतली स्ट्रिंग कच्ची आहे की शिजलेली हे स्ट्रिंगकडे बघून कळत नाही, ते ती आणणाऱ्यालाच माहीत असतं, आणि ३९८६ पण हेच म्हणते की एकच स्ट्रिंग दोनदा एन्कोड किंवा डीकोड करू नका.

दोनदा डीकोड केल्याने काय होतं याचं मोठं उदाहरण २००१ मधलं. मायक्रोसॉफ्टचा आयआयएस वेब सर्व्हर पाथ एकदा डीकोड करायचा, तपासायचा की यात वरच्या फोल्डरमध्ये जाण्याचा प्रयत्न नाही ना, आणि मग पुन्हा एकदा डीकोड करायचा. हल्ला करणाऱ्याने %२५५सी पाठवलं. पहिल्या डीकोडला त्याचं %५सी झालं, तपासणीत निर्दोष, दुसऱ्या डीकोडला उलटा स्लॅश, आणि दार उघडं. मे महिन्यात त्याचा पॅच आला, तरी सप्टेंबरमध्ये निम्दा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) पसरला तेव्हा ही वाट त्याच्या वाटांपैकी एक होती. म्हणून डीकोडच्या डॉक्समध्ये मी एक वाक्य घातलं की तपासणी डीकोड झाल्यावर करा आणि त्यानंतर पुन्हा डीकोड करू नका. लाल चौकोनात नाही घातलं, साध्या मजकुरात. लाल चौकोन डोळा आपोआप ओलांडतो, जाहिरातीसारखा.

डीकोडची बाजू तशी नेहमीच दुर्लक्षित. एन्कोडला अर्धं पान, डीकोडला ‘वरच्याच्या उलट’. पण उलट कोणाच्या? प्लसवाल्याच्या की %२० वाल्याच्या? टाइमस्टँपच्या शेवटी +०५:३० असतं, ते न बदलता क्वेरीत गेलं आणि समोर फॉर्मवाला डीकोडर बसला असेल तर प्लसची स्पेस होते आणि तारीख वाचणारं फंक्शन एरर देतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे देत नाही. ईमेलच्या पत्त्यात प्लस असणाऱ्यांना हे रोजचं.

आणि नेमकं डीकोडपाशी माझं काम अडलंय. तुटकं इनपुट आलं तर काय होतं, टक्का आहे पण पुढे हेक्स नाही, हे लिहायचं होतं. इतरांचं ठरलेलं आहे: जावास्क्रिप्टचं डीकोडयूआरआयकंपोनंट एरर फेकतं, पायथनचं अनक्वोट तो टक्का तसाच ठेवतं, गो एरर परत देतं. आमचं काय करतं बघायला छोट्या टेस्ट लिहिल्या, तर टक्का मधे असला आणि पुढे भलतीच अक्षरं आली तर एरर, पण टक्का स्ट्रिंगच्या अगदी शेवटी असला तर गुपचूप तसाच बाहेर. हे कोणी ठरवून केलेलं नाही, लांबी तपासणारी एक अट आहे तिच्यातून ते पडलंय. आता हे डॉक्समध्ये लिहिलं की ते वचन होतं, पुढे कोणी त्यावर विसंबून कोड लिहिणार. न लिहिलं तर पुन्हा तेच, ‘डॉक्स वाचा’ आणि डॉक्समध्ये काही नाही. कोड बदलायचा तर दोन्हीकडे एरर करायचा की दोन्हीकडे सोडायचा यावर मेंटेनरांचं एकमत नाही, एकांना भीती की कोणाचा तरी चालू असलेला कोड बंद पडेल, ‘१००%’ असा मजकूर एन्कोड न करता पाठवणारे लोक आहेतच की. मी एररच्या बाजूने आहे. तोपर्यंत त्या जागी आत्ता जे घडतं ते जसंच्या तसं लिहिलंय, दोन्ही प्रकार, टेस्टसकट, आणि खाली त्या चर्चेचा इश्यू नंबर.